भोईरांची उजवी बाजू

चंद्रावती गेली ती डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजता, हॉस्पिटलात. नऊपर्यंत मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला ते कळलं आणि साडेनऊपर्यंत बिल्डिंग तिच्या नवऱ्याच्या, जयकुमार भोईरांच्या हॉलमध्ये जमली. हॉल तो केवढा, दहा बाय पंधरा. त्यात मोरव्याहून, त्यांच्या मूळ गावाहून आलेले भाऊबंद, कारखान्यातली जुनी माणसं आणि मजल्यामजल्यावरचे शेजारी. पण त्या गर्दीत एक गोष्ट अशी चालली होती की ती त्या दिवशीसुद्धा जयकुमारांच्या नजरेत भरली. ते तीन माणसांच्या सोफ्यावर मधोमध बसले होते. उजव्या हाताला माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची तेवढी बाकी होती, आणि डाव्या हाताची जागा रिकामी. येणारा प्रत्येक जण ती रिकामी जागा बघायचा, तिला वळसा घालायचा, टीपॉय ओलांडायचा आणि उजवीकडे जाऊन उभा राहायचा. सोसायटीचे सेक्रेटरी हितेश शाह अंगाने भरलेले. ते टीपॉय ओलांडताना पाण्याचा तांब्या सांडून आले, पण आले उजवीकडेच. चौथ्या मजल्यावरच्या नवीन भाडेकरणीने चुकून डावीकडे बूड टेकवलं, तर जयकुमारांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या हिनाबेननी तिला कोपराला धरून उठवलं आणि हळूच म्हणाल्या, "उधर नहीं बेन, इस बाजू."

जयकुमारांना वाटलं, गुजरात्यांमध्ये अशी काही रीत असेल. मग दिसलं की मोरव्याची माणसंही तेच करतायत. म्हणजे आपल्यातही असेल. अशा दिवशी रीती कोण तपासत बसतो.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. मुलगी भाविका नाशिकला असते, ती मात्र आणखी दोन दिवस राहिली आणि जाताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "पप्पा, होळीपर्यंत बघते. तोपर्यंत काही वेडंवाकडं झालं ना, तर हे घर बंद करायचं आणि तुम्ही नाशिकला यायचं."

"वेडंवाकडं म्हणजे काय?"

"काल गॅसवाला दहा मिनिटं बेल वाजवून परत गेला. तुम्ही हॉलमध्येच होतात."

"बेल बिघडलीय."

"मी वाजवून बघितली. वाजते."

या घरात जयकुमार आणि चंद्रावती अकरा वर्षं राहिले होते. ओट्यावरचे डबे तिने जसे लावले तसे होते. देवघरातली काडेपेटीसुद्धा तिने ठेवली त्याच कोपऱ्यात होती. नाशिकला जायचं म्हणजे हे सगळं दुसऱ्यांदा उचलायचं. त्यांचं ठरलं होतं की जायचं नाही, आणि न जाण्यासाठी होळीपर्यंत नीट, शहाण्या माणसासारखं वागायचं.

ही गोष्ट त्यांना जेमतेम आठ दिवस जमली.

शेजारी सकाळी यायचे, संध्याकाळी यायचे. दुपार मात्र त्यांच्या एकट्याच्या अंगावर यायची. टीव्ही त्यांनी बंद ठेवला होता. ओट्यावरचा रेडिओ चंद्रावतीचा, त्याला हात लावायचा प्रश्न नव्हता. अशाच एका दुपारी दोन वाजता ते सोफ्यावर बसले असताना त्यांना तो आवाज आला. बारीक, एकसुरी शिट्टी. कुकरची नव्हे, कुकर थांबतो. ही थांबत नव्हती.

दुसरा कोणी असता तर त्याने कानात बोट घालून हलवलं असतं. जयकुमारांनी तसं केलं नाही, कारण कानाच्या बाबतीत ते साधे माणूस नव्हते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची अठरा फोरमन म्हणून. बारा पॉवर प्रेस एका वेळी पत्रा ठोकत असताना मधून चालत जायचे आणि सांगायचे, "तीन नंबरचं बेअरिंग सुकलंय." उघडावं तर सुकलेलंच. खात्री करायची असली की स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे आणि मूठ डाव्या कानाला. डावा कान मशीनचा आणि उजवा कान माणसांचा, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली होती. फोन उजव्या कानाला, माणूस उजव्या बाजूला. कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ते त्यांनी एकदाही घातले नाहीत. कान बंद केल्यावर मशीनचं ऐकणार कोण?

तर अशा माणसाने शिट्टी ऐकली आणि दहा सेकंदांत निदान केलं. बेअरिंग.

आधी संशय फ्रिजवर गेला. त्यांनी प्लग काढला. शिट्टी चालूच. प्लग परत लावायचं राहून गेलं आणि दोन दिवसांनी हिनाबेननी पाठवलेली कढी आणि चार पिशव्या दूध अशा अवस्थेत निघालं की हिनाबेन स्वतः नाक धरून आल्या. मग घड्याळाचा सेल काढला, इन्व्हर्टर बंद केला, मीटरच्या बोर्डाला कान लावला. शेवटी जिन्याखालच्या पंपरूमपाशी गेले आणि त्यांचा चेहरा उजळला. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा तो एकुलता एक पंप. अकरा वर्षांचा. त्याचं बेअरिंग नाही सुकणार तर कोणाचं?

हितेशभाईंनी ऐकून घेतलं आणि एक छापील फॉर्म पुढे केला. त्यात तक्रारीचे प्रकार दिले होते: गळती, पार्किंग, पाळीव प्राणी, इतर. जयकुमारांनी 'इतर'वर खूण केली. खाली दोन सह्यांची जागा होती, एक तक्रार करणाऱ्याची आणि दुसरी, तोच त्रास असणाऱ्या दुसऱ्या सभासदाची.

"दुसरा कोणी नाही," जयकुमार म्हणाले.

"तो फिर कमिटी सुनने आएगी," हितेशभाई म्हणाले. "कायदा है, भोईरभाई. मैं क्या करूँ."

रविवारी अकरा वाजता कमिटी ऐकायला आली. हितेशभाई, खजिनदार म्हणून बँकेतून निवृत्त झालेले सुभाष कामत, आणि महिला सभासद म्हणून हिनाबेन. जयकुमारांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तिघंही त्यांच्या उजव्या बाजूला एका ओळीत उभे राहिले. भिंतीवर चंद्रावतीचा फोटो होता, हार अजून ताजा. दोन मिनिटं कोणी श्वास मोठ्याने घेतला नाही.

"येतोय ना?" जयकुमारांनी विचारलं, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले.

आता महिन्याभरापूर्वी बायको गेलेला माणूस, पांढरी दाढी वाढलेली, डोळे मोठे करून विचारतोय. कामतांनी आढ्याकडे बघितलं. "पुसटसा," ते म्हणाले. "म्हणजे लक्ष दिलं तर."

हितेशभाई म्हणाले, "हाँ, सीटी जैसा."

हिनाबेन फोटोकडे बघत होत्या. त्या सगळ्यात शेवटी म्हणाल्या, "मला बी येते."

इतिवृत्तात नोंद झाली की समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असता आवाज एकमताने ऐकू आला. जयकुमारांनी त्या दिवशी भाविकाला फोन करून मुद्दाम हे सांगितलं. तिघांनी ऐकलं, लेखी आहे. भाविका नुसतं "बरं" म्हणाली.

मंगळवारी धनेश नावाचा पंपवाला आला. वयाने तिशीचा, पण पंपाच्या बाबतीत जाणता. त्याने पंप चालू करून ऐकला, बंद केला, पुन्हा चालू केला. "काका, बेअरिंग एकदम मस्त आहे. खोलायला नको."

"तू खोल," जयकुमार म्हणाले. "इतिवृत्तात आहे."

धनेशने पंप खोलला. बेअरिंग खरोखरच मस्त होतं. जयकुमारांनी ते हातात घेऊन फिरवलं, उन्हात धरलं, आणि धनेशच्या हातात परत दिलं. पण एकदा खोललेल्या जुन्या पंपाचं आतलं सील पुन्हा बसेना, कडेने फाटलं. धनेशने दोन ठिकाणी फोन केले आणि कपाळ पुसत म्हणाला, "हे मॉडेल बंद झालंय. सील शुक्रवारी येईल."

मंगळवार ते शुक्रवार. छप्पन्न फ्लॅट.

बुधवारी टँकर आला, तो खालची टाकी भरून गेला. खालच्या टाकीत पाणी आधीही होतंच, ते वर चढत नव्हतं एवढीच अडचण होती. मग माणसं बादल्या घेऊन खाली आली. सातव्या मजल्यावरच्यांनी लिफ्टमध्ये एकदम दोन पिंप चढवले, वर कामत चढले, आणि लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली. कामत पाऊण तास आत होते. आतून ते एवढंच म्हणत होते की मला आवाज ऐकू आला नव्हता, मी सभ्यपणा म्हणून बोललो. हे जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. जयकुमार त्या वेळी जिन्यातच, दोन बादल्या घेऊन, हिनाबेनच्या दारात पाणी पोचवत होते. बादल्या त्यांनी खाली ठेवल्या नाहीत. सरळ वर चढत गेले, आपल्या मजल्याच्याही दोन मजले वर, आणि मग परत उतरले.

बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'एका माणसाच्या कानासाठी छप्पन्न घरं कोरडी.' हितेशभाईंनी ते पाच मिनिटांत काढून टाकायला लावलं, म्हणजे तोवर ते छप्पन्न घरांनी वाचलं होतं. त्याचबरोबर सल्ले सुरू झाले. लसूण जाळून तेल घाला. बदामाचं घाला. काही घालू नका. समोरच्या गच्चीवरच्या टॉवरमुळे आहे. गॅसेसमुळे आहे, सकाळी ओवा खा. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरणीने सांगितलं की तिच्या मामांना असंच झालं होतं. मामांचं पुढे काय झालं ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि जयकुमारांना ते विचारायचा धीर झाला नाही.

गुरुवारी भाविकाचा फोन आला. "पप्पा, मी शनिवारी येतेय. कपड्यांची बॅग भरून ठेवा."

"कोणी सांगितलं तुला?"

"हिनाआंटींनी. चिडून नाही, रडत होत्या. शनिवारी येते."

आता जयकुमारांकडे शुक्रवार तेवढा उरला होता. त्यांचा हिशेब सरळ होता. नवीन सील बसेल, पंप चालू होईल, आणि आपण सगळ्यांसमोर दाखवून देऊ की आवाज पंपातच आहे. बेअरिंग नसेल तर शाफ्ट असेल. बिघाड मशीनमध्ये निघाला की माणूस ठीक ठरतो. बिघाड मशीनमध्ये नाही निघाला तर काय, याचा विचार त्यांनी चौतीस वर्षांत कधी केला नव्हता.

शुक्रवारी चार वाजता पंपरूमसमोर पंचवीस-तीस माणसं जमली, बहुतेकांच्या हातात बादल्या. धनेशने बोल्ट आवळले आणि स्विचपाशी गेला. जयकुमार गुडघ्यावर बसले, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

"येतोय," ते म्हणाले. "बारीक आहे, पण येतोय. शाफ्ट आहे हा. धनेश, ऐक इकडे येऊन."

धनेश जागचा हलला नाही.

"ऐक ना. आता तर वाढला."

"काका," धनेश अगदी हळू म्हणाला, आणि मग ते ऐकू गेलं नसेल असं वाटून उजवीकडून वळसा घालून पुढ्यात येऊन बसला. "काका, मी पंप अजून चालू नाही केला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चौतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हसण्याला उत्तर देता येतं. लोकांनी नुसत्या नजरा बादल्यांकडे वळवल्या. जयकुमार उठले, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, पँटचे गुडघे झटकले आणि जिन्याने वर गेले. मागे पंप सुरू झाला. चांगला चालत होता.

शनिवारी भाविका आली तेव्हा बॅग भरलेली नव्हती. तिने चहा केला, कपाट उघडलं आणि बॅग काढली. तिने दोन सदरे घड्या घालून आत ठेवले तेव्हा जयकुमारांचं कारखान्यातलं, बिल्डिंगमधलं सगळं शहरी मराठी गळून पडलं आणि मोरवा बाहेर आला.

"न्हाय जायाचा मी. कुठं बी न्हाय जायाचा. समजलीस?"

भाविकाने तिसरा सदरा हातात धरून ठेवला. "मग कान दाखवा."

"कानाला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर नाशिकचं नाव काढणार नाही. झालं असेल तर मी सांगेन ते करायचं. बोला."

मोठा जुगार होता. नाही म्हणावं तर बॅग समोर होती. त्यांनी हो म्हटलं.

मीरा रोडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत बत्ती घालून बघितलं. उजव्यातून वाटाण्याएवढा मळ काढला तेव्हा जयकुमारांनी विजयी मुद्रेने भाविकाकडे बघितलं. पण शिट्टी डावीकडे होती आणि डावा कान स्वच्छ होता. डॉक्टरांनी पडदे ठीक आहेत म्हणून सांगितलं आणि ऐकण्याच्या तपासणीसाठी आतल्या खोलीत पाठवलं.

आत व्हेनेसा नावाची ऑडिओलॉजिस्ट होती. ऐकण्याचं मोजमाप करणारी, उत्तनची मुलगी, तिच्या मराठीत समुद्राकडचा हेल. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. जयकुमार एकीवर बसले. भाविकाने दुसरी, त्यांच्या डावीकडची खुर्ची उचलली, मागून फिरवून उजवीकडे आणली आणि बसली. व्हेनेसाने ते बघितलं. तिने एक प्रश्नावली दिली. कानातल्या आवाजामुळे चिडचिड होते का? जयकुमारांनी 'नाही'वर खूण केली. लोकांशी भांडण होतं का? 'नाही'. भाविका खोकली. त्यांनी ते खोडून 'कधीकधी' केलं. आवाजामुळे एकटं वाटतं का? ती ओळ त्यांनी तशीच सोडून दिली.

मग त्यांना जाड दाराच्या एका पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. काचेपलीकडे व्हेनेसा मशीनपुढे बसली.

दार बंद झालं. त्या खोलीत काहीच नव्हतं. रस्ता नाही, पंखा नाही, लिफ्ट नाही. पंप तर नाहीच. आणि शिट्टी होती. जशी घरी होती तशी, अगदी तेवढीच. अख्खं जग काढून टाकलं तरी ती राहिली होती. फोरमन म्हणून त्यांना यापेक्षा स्पष्ट पुरावा नको होता. पण बाप म्हणून त्यांना नापास व्हायचं नव्हतं.

त्यांनी बघितलं की आवाज सोडताना व्हेनेसाचा उजवा खांदा किंचित हलतो. बस्स. खांदा हलला की ते बटण दाबू लागले. नऊ वेळा दाबलं. दहाव्यांदा दार उघडलं.

"काका," व्हेनेसा म्हणाली, "आत्ताचा खांदा मी मच्छर चावला म्हणून हलवला."

तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि पुन्हा सुरुवात केली. आता भिंत होती आणि शिट्टी. उजव्या कानात पिक-पिक आली, त्यांनी दाबलं. मग बराच वेळ गेला. डाव्या कानात बहुतेक काही चालू असेल. ते बोट बटणावर ठेवून वाट बघत राहिले. घामाने बटण ओलं झालं. उगाच दाबावं का, असं दोनदा मनात आलं. त्यांनी दाबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःच्या कानाबद्दल खरं बोलत होते, असं म्हणायला हरकत नाही.

कागदावर आलेख आला. उजव्या कानाची रेघ थोडं सरळ चालून उतरत होती. डाव्याची रेघ मध्यापर्यंत गेली आणि जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली.

"बारीक, उंच आवाज डाव्या कानाला जवळजवळ येत नाहीत," व्हेनेसा म्हणाली. "बेल, चिमण्या, बायकांच्या बोलण्यातला स आणि श. हे आजचं नाही काका. वीस वर्षं तरी झाली असतील. मोठ्या आवाजात काम करायचात?"

"तीन नंबरचा प्रेस डाव्या हाताला होता," जयकुमार म्हणाले.

"मग तोच. कानाकडून जे आवाज यायचे थांबले, त्यांच्या जागी आतल्या आत एक आवाज तयार होतो. शिट्टी तीच. घर शांत असलं की जास्त कळते. थांबा, एक करू." तिने हेडफोन पुन्हा चढवले आणि एकेक सूर सोडत गेली. हा? नाही, जाड आहे. हा? याहून बारीक. हा? थोडा खाली.

"हाच," जयकुमार एकदम म्हणाले. "हाच पंप."

व्हेनेसाने हेडफोन काढून भाविकाच्या कानांना लावले, आणि तोच सूर तेवढ्याच आवाजात सोडला. भाविका ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला. "हा दिवसभर येतो?" तिने विचारलं.

"दिवसभर."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आवाज दुसऱ्या कोणीतरी खरोखर ऐकला होता. जयकुमारांना इतकं हलकं वाटलं की आपण परीक्षेत नापास झालोय हे ते क्षणभर विसरले.

"पण एक समजत नाही," व्हेनेसा आलेखाकडे बघत म्हणाली. "एवढं कमी ऐकू येतंय आणि घरात कोणालाच कळलं नाही? ताई, मघाशी तुम्ही खुर्ची उचलून इकडे का आणलीत?"

"कुठली?" भाविका म्हणाली. मग तिने खुर्चीकडे बघितलं. "सवय आहे. पप्पांच्या उजवीकडे बसायचं."

"कोणी लावली?"

"आईने. मी शाळेत असल्यापासून. उजवीकडे बस, उजवीकडून बोल. मला वाटायचं, आमच्या घरची रीत आहे."

जयकुमार आठवत होते. सोफ्यावर डावीकडची जागा चंद्रावतीची. लग्नाकार्यात, डॉक्टरकडे, बँकेत, ती डावीकडे बसायची. आणि बोलायच्या आधी कोपर मारायची. कित्येकदा ते वैतागून म्हणाले होते, "अगं, तोंडाने बोल ना. बरगडी मोडशील." ती म्हणायची, "बरं." आणि पुढच्या वेळी पुन्हा कोपर. मग ते वळायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे, आणि ती सांगायची, ते काय विचारतायत बघा.

घरी आल्यावर हिनाबेन दारातच उभ्या होत्या. भाविकाने त्यांना उजव्या बाजूचं विचारलं.

"चंदाबेनने बोला था," हिनाबेन म्हणाल्या. "नवीन आलो तवा मी मिठाई घेऊन आले नी, तवाच. भोईरभाईशी बोलायचा तो जमणी, म्हणजे उजव्या बाजूने बोलायचा, आणि त्यांना सांगायचा नाय, त्यांना खराब वाटेल. वॉचमन बदलला का त्याला बी सांगायची. दूधवाल्याला बी." त्या जयकुमारांकडे वळल्या. "आणि जयकुमारभाई, ती शिट्टी मला नव्हती आली. तुम्ही असे बघत होते, मी काय बोलणार."

"माहितेय," जयकुमार म्हणाले. लिफ्टमधल्या कामतांकडून त्यांना ते आधीच कळलं होतं.

भाविकाने बॅगेतले तीन सदरे काढून परत कपाटात ठेवले. पण बॅग माळ्यावर टाकली नाही, कपाटाशेजारी उभी करून ठेवली. एक महिना, ती म्हणाली. व्हेनेसाने सांगितलेलं सगळं करायचं. कानातलं यंत्र रोज लावायचं. बेलला जोडलेला दिवा बसवायचा. घर शांत ठेवायचं नाही, काहीतरी हलकं चालू ठेवायचं, म्हणजे शिट्टीवरून लक्ष उठतं. ती जाईलच असं नाही, पण तिच्याबरोबर राहता येतं. आणि कुठलंही मशीन खोलायचं नाही. ही शेवटची अट व्हेनेसाची नव्हती.

जयकुमारांनी सोसायटीला माफीचं पत्र लिहिलं. हितेशभाई म्हणाले, त्यालाही फॉर्म आहे. त्यात माफीचा प्रकार नव्हता, म्हणून पुन्हा 'इतर'वर खूण केली. पुढच्या सभेत धनेशने सुचवलं की भोईरकाकांनी महिन्यातून एकदा पंपरूममध्ये यावं, आपण दोघं मिळून बघू, ऐकायचं मी, सांगायचं त्यांनी. कामतांनी अनुमोदन दिलं, लेखी.

आता उजव्या कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज आला आणि ते मागे वळून बघत राहिले. डाव्या कानाच्या यंत्राचा साचा अजून आलेला नाही. दोन कानांत एवढा फरक असला की आतून एकदा बघून घ्यायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या एमआरआयची तारीख येत्या बुधवारची आहे आणि भाविका मंगळवारी येणार आहे. बॅग कपाटाशेजारी आहे. दुपारी पंखा चालू असतो. रेडिओ ओट्यावर आहे, तो अजून लावलेला नाही. शिट्टी आहे.

आणि डाव्या कानाचं हे तिला कधीपासून माहीत होतं, ते चंद्रावतीला विचारायचं राहिलं.